काम घरी न्यायचं, तर घराला विचारून

गेल्या महिन्याच्या सदरात मी मार्च 2020 मधल्या एका आठवड्याबद्दल लिहिलं होतं. साथ आली आणि ऐरोली-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांनी आपली माणसं घरी बसवून काम चालू ठेवलं, तो आठवडा. त्यावर बरीच पत्रं आली, त्यांतली चार इथे घेते आहे. नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल थोडं: मी ठाण्याची. ऐरोलीतल्या एका बॅक ऑफिसात प्रशासन सांभाळून निवृत्त झाले. परदेशी विमा कंपन्यांचे दावे तपासायचं काम तिथे चालायचं. खुर्च्या, गेट पास, बस, कँटीन, जनरेटरचं डिझेल, ठेकेदारांची बिलं हे माझं खातं. वकिलीची सनद माझ्याकडे नाही, पण नवा नियम आला की तो अमलात आणायचा कागद माझ्याच टेबलावर यायचा.

प्रश्न : ताई, महापेला माझी हिशेब आणि कर-विवरणं करून देणारी फर्म आहे. तीसेक माणसं. 2020 मध्ये आम्ही सगळ्यांना घाईघाईत घरी बसवलं आणि कसंबसं निभावलं. आता भागीदार म्हणतात, एक नीट लेखी योजना करून ठेवू. साथ येवो, पूर येवो. सुरुवात कुठून करू? लॅपटॉप घेऊन ठेवू का?
— एक वाचक, घणसोली

लॅपटॉपपासून सुरुवात करू नका. माणसांच्या घरांपासून करा.

त्या वेळी कंपन्यांकडे लेखी योजना नव्हत्या असं नाही. आमच्याकडे जाडजूड फाइल होती. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, माणसं ऑफिसांत आणि रस्त्यांवर अडकून पडली, त्यानंतर आमचे क्लायंट दरवर्षी ही फाइल तपासायला मागायचे. आग, पूर, बाँबची धमकी, सगळं तिच्यात होतं. पण प्रत्येक पानामागे एकच समजूत होती की एक इमारत बंद पडेल. ऐरोली बंद पडली तर माणसं बसने पुण्याला जातील, तिथे राखीव खुर्च्या असतील. साथीने सगळ्या इमारती एकाच वेळी बंद केल्या. पुण्यातल्या राखीव खुर्च्यांचा काहीही उपयोग उरला नाही. तुमच्या योजनेचं पहिलं पान लिहिताना हे ध्यानात घ्या.

वेळही किती मिळाला ते आठवा. शुक्रवारी, 20 मार्चला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केलं की मुंबई महानगर प्रदेश, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथली अत्यावश्यक सेवा सोडून सगळी कार्यालयं 31 मार्चपर्यंत बंद राहतील. रविवारी जनता कर्फ्यू. त्याच मध्यरात्रीपासून लोकल बंद. बुधवारी, ऐन पाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी.

शुक्रवारी रात्री आमच्या लॉबीत जे चाललं होतं ते मुद्दाम सांगते, कारण त्यालाही तुमच्या योजनेत एक पान लागणार आहे. लॅपटॉप मोजक्या लोकांकडेच होते आणि भाड्यानेही मिळेनात. म्हणून टेबलांवरचे डेस्कटॉपच सोडवले. सीपीयूच्या कडेला माणसाचं नाव आणि मशीनचा नंबर लिहिलेली पट्टी. त्याच नंबरचा परतीचा गेट पास तीन प्रतींत: एक वॉचमनकडे, एक माझ्याकडे, एक त्या माणसाच्या हातात. बबल रॅप संपल्यावर कॉन्फरन्स रूमचे पडदे उतरवले आणि मॉनिटर त्यांत गुंडाळले. पॉवर कॉर्ड आणि मॉनिटरची केबल मॉनिटरच्याच पाठीला टेपने चिकटवायची. सुटी केबल हरवते, दुकानं बंद असतात आणि एका केबलपायी माणूस घरी नुसता बसून राहतो. मग स्टाफच्या बसमध्ये सीटवर सीपीयू आणि शेजारी त्याचा माणूस, अशा फेऱ्या दिघा, कळवा, डोंबिवलीकडे सुटल्या.

शेजारच्या काही कंपन्यांना तेवढंही सोपं नव्हतं. ऐरोलीतल्या सेझच्या, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्राच्या, इमारतींमधली यंत्रं सीमाशुल्क न भरता घेतलेली असतात. ती दाराबाहेर काढायची तर सेझच्या विकास आयुक्तांची परवानगी लागते. कॉल सेंटरवाल्यांची अडचण वेगळी. दूरसंचार खात्याच्या नियमांनुसार घरून काम द्यायचं तर अनामत आणि करार लागायचा. खात्याने 13 मार्चला त्यात तात्पुरती सूट दिली आणि 5 नोव्हेंबर 2020 च्या नव्या नियमांत ती अडचण कायमची काढून टाकली. सेझसाठी घरून कामाचा स्वतंत्र नियम, 43अ, यायला जुलै 2022 उजाडलं. तुमची फर्म यांतल्या कशातच बसत नाही, त्यामुळे यावर वेळ घालवू नका.

यंत्रांचं हे सगळं एकदाचं होऊन जातं. पुढचे महिने जे अडत राहिलं ते घरांमुळे.

सोमवारपासून मी एकेकाला फोन लावायला घेतला. घरात माणसं किती, दिवसा किती जण असतात? भिंतीलगत टेबल मांडायला जागा आहे का, आणि त्याच भिंतीला प्लग आहे का? नेट केबलवाल्याचं की मोबाइलचं, आणि ते किती जणांत वाटून जातं? दुपारी घर किती तापतं? आजारी, म्हातारं, तान्हं कुणी? आणि सगळ्यात शेवटी : तुम्हाला घरून काम करायचं आहे का?

दिघ्याचा एक मुलगा पत्र्याच्या छपराखाली राहायचा. एप्रिलमध्ये दुपारी बारानंतर त्याचा सीपीयू तापून आपोआप बंद पडायचा, आणि टीम लीडर रोज त्याच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहायचा. त्याला पहाटेची शिफ्ट दिल्यावर तक्रार संपली. मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता. कोपरखैरण्याच्या एका मुलीचे वडील माथाडी. धान्य-भाजी अत्यावश्यक म्हणून वाशीचं एपीएमसी मार्केट चालू होतं आणि वडील रोज कामावर जात होते. मे महिन्यात तिथे रुग्ण इतके वाढले की मार्केट आठवडाभर बंद ठेवावं लागलं. त्या घरात एकच खोली. वडील बाजारातून आले की अंघोळ करून जिथे आडवे व्हायचे, तिथूनच हातभर अंतरावर हिचा मॉनिटर. हिचं काम क्लायंटशी फोनवर बोलण्याचं. दमलेला बाप झोपलाय आणि शेजारी मुलगी इंग्रजीत बोलतेय, दोघांनाही त्रास. तिला आम्ही फोनवरून काढून नुसत्या कागद-तपासणीवर घेतलं.

विटाव्याच्या एका बाईंनी शेवटच्या प्रश्नाला सरळ ‘नाही’ म्हटलं. 8 जूनपासून खासगी कार्यालयांना दहा टक्के माणसं बोलवायची मुभा मिळाली, तेव्हा पहिल्या यादीत त्यांचं नाव घातलं. लोकल त्यांच्यासाठी बंदच होती, पण विटाव्याहून ऐरोली रिक्षाच्या अंतरावर. त्यांना ऑफिसला का यायचं होतं ते मी विचारलं नाही. तुमच्याकडे कुणी तसं म्हटलं तर तुम्हीही विचारू नका, फक्त खुर्ची द्या.

एवढे फोन झाल्यावर माझं जे मत बनलं ते आजही तेच आहे. काम घरी पाठवणं म्हणजे कंपनीने माणसाच्या घरात भाड्याने जागा घेणं. मालकाची संमती लागते, भाडं लागतं, आणि किती वाजता आवरून दार लावून घ्यायचं तेही आधी ठरवावं लागतं. माझ्या माहितीतल्या बहुतेक कंपन्यांनी यातलं काहीच ठरवलं नाही, आणि घरांनी ते मुकाट सोसलं. म्हणून तुमच्या योजनेत तीसही घरांचं एकेक पान हवं. ते त्या माणसाने स्वतः भरावं, दर वर्षी पुन्हा भरावं, आणि ते एचआरच्या मूल्यमापनाच्या फाइलपासून लांब ठेवावं. घर लहान आहे म्हणून बढती अडली, अशी शंका एकदा आली की पुढच्या वर्षी कुणी खरं लिहिणार नाही.

आता तुमच्या कामाचं. टॅलीचा डेटा ऑफिसच्या सर्व्हरवर असेल तर बाहेरून एका वेळी किती जणांना आत येता येतं ते आजच तपासा. 2020 मध्ये खूप ठिकाणी व्हीपीएनचे, म्हणजे घरून ऑफिसच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायच्या सोयीचे, परवाने फक्त साहेब लोकांपुरते होते. सोमवारी सकाळी सगळे एकदम लॉग-इन करायला गेले आणि निम्मे दाराबाहेर राहिले. क्लायंटच्या डिजिटल सहीचे यूएसबी टोकन तुमच्याकडे कुठल्या ना कुठल्या ड्रॉवरमध्ये असतीलच. त्यांची यादी करा आणि ऑफिस बंद झालं तर कुठलं टोकन कुणाच्या घरी जाणार ते क्लायंटच्या लेखी संमतीने ठरवा. त्या वर्षी 24 मार्चला अर्थमंत्र्यांनी विवरणपत्रांच्या तारखा 30 जूनपर्यंत पुढे ढकलल्या म्हणून बरेच जण वाचले. पूर आला तर तारखा पुढे जातीलच असं नाही.

घरून ऑफिसच्या डेस्कटॉपवर काम करायचं असेल तर तो डेस्कटॉप तिकडे चालू राहायला हवा. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली; कळवा-पडघा वाहिन्यांवरचा बिघाड होता. वीज परत आली तरी ऑफिसांतली मशीन बंदच राहिली, कारण बटण दाबायला तिथे कुणी नव्हतं. बहुतेक डेस्कटॉपच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असते. तुमच्या कॉम्प्युटरवाल्याला सांगून ती आत्ताच चालू करून घ्या. पैसे पडत नाहीत.

क्लायंटचे पॅन, आधार घरातल्या सामायिक फोनवर व्हॉट्सअॅपने फिरू देऊ नका. 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहे, आणि माहिती फुटली तर जबाब तुम्हालाच द्यावा लागेल, घरून काम करणाऱ्या पोरीला नाही.

आणि दर तीन महिन्यांनी एक दिवस ऑफिसला कुलूप लावून सगळ्यांनी घरून काम करा. भागीदारांनीही. जुलैमधला एक दिवस जरूर धरा. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबून ठाणे-बेलापूर रस्ता अडतो, त्या दिवशी तशीही अर्धी माणसं पोचत नाहीत.

प्रश्न : आमच्या कंपनीत आठवड्यातून तीन दिवस घरून काम आहे. विजेचं बिल वाढलंय. साहेब म्हणतात, तुमचं जाण्यायेण्याचं भाडं वाचतं, म्हणजे फिटंफाट. हे बरोबर आहे का?
— एक वाचक, कळवा

नाही. तुम्ही लोकलचा मासिक पास काढत असाल तर तो दोन दिवस जा की सहा दिवस, तेवढ्यालाच पडतो. वाचली तर रिक्षा वाचली.

विजेचा हिशेब कागदावर मांडून साहेबांना द्या. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून दीडशे वॅटच्या आसपास, पंखा पंचाहत्तर, एलईडी ट्यूब वीस, राउटर दहा. नऊ तासांचे सव्वादोन युनिट धरा. महिन्याला तेरा दिवस म्हटलं तर तीस युनिटांच्या आसपास. हे युनिट तुमच्या रोजच्या वापराच्या वर चढतात, आणि महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो, त्यामुळे ते तुमच्या बिलातल्या सगळ्यात महाग टप्प्याच्या दराने पडतात. सरासरी दर लावून हिशेब करू नका, नुकसान होईल. एसी लावावा लागत असेल तर तो वेगळा मांडा. दीड टनाचा एसी चालू असताना तासाला दीड युनिटापर्यंत खातो.

पगाराच्या कायद्यात घरच्या विजेचं वेगळं कलम शोधत बसू नका. तुमच्या नेमणूकपत्रात किंवा घरून कामाच्या पत्रात काय लिहिलंय त्यावर सगळं चालतं. तिथे काहीच लिहिलेलं नसेल तर आता लिहून मागा, आणि एकट्याने मागू नका. नेटचं बिल कंपनीच्या कामापुरतं असेल तर बिलावर परतफेड मागा. पगारात भत्ता म्हणून मिळालं तर त्यावर कर बसतो.

प्रश्न : ताई, नाव छापू नका. मी घरून काम करते. वरिष्ठ रात्री अकराला व्हिडिओ कॉल लावतात, कॅमेरा चालू ठेवायला सांगतात. काम पाच मिनिटांचं असतं. मग ‘घरच्या कपड्यांत छान दिसता’, ‘मागे बेडरूम आहे का’ असं सुरू होतं. घरात सांगितलं तर नोकरी सोड म्हणतील. ऑफिसमध्ये सांगितलं तर म्हणतील, तुम्ही तर घरीच होतात. काय करू?
— एक वाचक, ठाणे

नोकरी सोडू नका. तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे.

‘तुम्ही तर घरीच होतात’ हे कुणी म्हटलं तर त्याला कायद्यातच उत्तर आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कामाचं ठिकाण कशाला म्हणायचं याची यादी आहे, आणि तिच्यात राहतं घर स्पष्ट शब्दांत घातलेलं आहे. साथ येण्याच्या कितीतरी आधीपासून. म्हणजे तुमच्या खोलीत, तुमच्या स्क्रीनवर जे बोललं गेलं ते कामाच्या ठिकाणीच बोललं गेलं.

दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कंपनीत अंतर्गत समिती असावीच लागते. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्या तरी स्त्रिया, आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा. तक्रार लेखी द्यायची, शेवटच्या प्रकारापासून तीन महिन्यांच्या आत. पटण्यासारखं कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. कंपनी दहापेक्षा लहान असेल किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. जिल्हाधिकारी कार्यालयात तिचा पत्ता मिळतो.

तक्रारीआधी आज रात्रीपासून एक करा. वही घ्या. तारीख, वेळ, कॉल किती मिनिटांचा, काम काय होतं, आणि पुढचं वाक्य जसंच्या तसं. ‘अश्लील बोलले’ असं लिहू नका, जे बोलले तेच शब्द लिहा. हात थरथरेल, तरी लिहा. फोनमधल्या कॉलच्या यादीचे स्क्रीनशॉट काढून कंपनीच्या मेलवर न ठेवता स्वतःच्या मेलवर पाठवा. कंपनीचा मेल ती केव्हाही बंद करू शकते.

वेळेबद्दलही सांगते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्री कर्मचाऱ्याकडून रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत तिच्या संमतीशिवाय काम घेता येत नाही. म्हणून उद्याच एक साधा मेल टाका : ‘रात्री साडेनऊनंतर मी कॉलवर उपलब्ध नसेन. तातडीचं असल्यास मेल करावा, सकाळी उत्तर देईन.’ कारण लिहू नका. त्यानंतरही कॉल आला तर उचलू नका आणि वहीत नोंद करा.

आमच्या समितीसमोर अशी एक तक्रार आली होती, ऑफिसमधल्याच प्रकाराची. त्या मुलीला सगळ्यात जास्त आधार समितीचा झाला नाही, शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीचा झाला. घरून काम करताना तेच टेबल नाहीसं होतं. म्हणून तुमच्या टीममधल्या एका तरी बाईला फोन करा. मला खात्री आहे, अकराचा कॉल फक्त तुम्हालाच येत नसेल. आणि मला पुन्हा लिहा. संपादकांकडे पाकीट द्या, ते न फोडता माझ्याकडे येतं.

प्रश्न : तुमच्या लेखात सगळे कॉम्प्युटर घेऊन घरी गेले. माझी आई ऐरोलीच्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत हाउसकीपिंगला होती. कंपनीचं काम चालू राहिलं, आईचं बंद झालं. एप्रिलपासून पगार आला नाही. कंपनी म्हणायची ठेकेदाराला विचारा, ठेकेदार फोन उचलत नव्हता. आता आई दुसऱ्या ठेक्यावर आहे. मी कॉलेजला आहे. पुन्हा असं झालं तर आईजवळ काय कागद हवेत?
— एक वाचक, रबाळे

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. गेल्या लेखात तुझ्या आईसारख्या माणसांबद्दल लिहायला हवं होतं, म्हणून आजची बाकीची जागा तुझी.

ऑफिस घरी गेलं की ज्यांचं कामच इमारतीशी बांधलेलं आहे ते उघड्यावर पडतात. हाउसकीपिंग, कँटीन, रात्रीच्या गाड्यांचे ड्रायव्हर, लिफ्टमन. गेटबाहेरच्या टपरीवाल्याला आणि डबे पोचवणाऱ्या बायकांना तर कागदावर कुणी देणेकरीच नव्हता. आमच्याकडे ठेकेदाराचं महिन्याचं बिल थांबवायचं घाटत होतं, कारण फरशी पुसायला माणसं येत नव्हती. मी वरच्यांना सांगितलं, बिल चालू ठेवा, पण पगार बायकांच्या खात्यांत गेल्याची बँकेची यादी आधी बघा, मगच पैसे सोडा. एप्रिल-मेचे पगार झाले. जूनमध्ये निम्म्या बायकांचा करार संपवला. मी भांडले, तो निर्णय फिरला नाही. ते मला आजही मान्य नाही. त्याच महिन्यात तिसऱ्या मजल्याचं भाडं वेळेवर गेलं होतं.

त्या काळात कायदा काय होता ते तुला माहीत असावं. केंद्रीय गृह मंत्रालयाने 29 मार्च 2020 ला आदेश काढला होता की टाळेबंदीच्या काळात पूर्ण पगार द्यायचा. तो 18 मेपासून मागे घेतला गेला. 12 जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक आणि कामगारांनी आपसांत बोलून मार्ग काढावा असं सांगितलं. आपसांत बोलायला आई कुणापुढे बसणार होती, हा प्रश्न तसाच राहिला. ‘ठेकेदाराला विचारा’ हे उत्तर मात्र तेव्हाही पुरेसं नव्हतं. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात, ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ कंपनीने द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायचा, असं होतं. त्यासाठी आई त्याच कंपनीत काम करत होती हे दाखवणारा कागद लागतो, आणि तो बहुतेकींकडे नसतो.

म्हणून पहिला कागद तोच. ज्या ओळखपत्रावर किंवा गेट पासवर कंपनीचं आणि ठेकेदाराचं, दोन्ही नावं आहेत, त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढ. ठेका संपला की ठेकेदार पहिलं तेच परत मागून घेतो. दुसरं, दर महिन्याची पगाराची पावती. मिळत नसेल तर बँकेच्या पासबुकात पगाराच्या नोंदीसमोर कुणाचं नाव येतं ते पाहून त्या पानाचा फोटो.

तिसरं म्हणजे ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा, नंबर आणि कार्ड. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ते लागू आहे. लोक त्याला फक्त दवाखान्याचं कार्ड समजतात. त्या वर्षी नोकरी गेलेल्या विमाधारकांना अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी पगाराच्या निम्मी रक्कम नव्वद दिवसांपर्यंत मिळत होती. ठेकेदाराची सही लागत नव्हती, अर्ज थेट ईएसआयसीच्या शाखेत देता येत होता. दोन वर्षांचा विमा आणि नोकरी जाण्याआधीच्या सहामाहीत 78 दिवसांची वर्गणी, या मुख्य अटी. आमच्याकडच्या ज्या बायकांना हे कळलं त्यांनी पैसे मिळवले. ज्यांना कळलं नाही त्यांना आम्ही उशिरा शोधून काढलं, काही गावी निघून गेल्या होत्या. योजना आता कोणत्या रूपात चालू आहे ते शाखेत जाऊन विचार. आईला पाठवू नकोस, तू जा, आणि उत्तर लिहून आण.

शेवटचं, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा नंबर. ठेकेदार बदलला की नवा माणूस पुष्कळदा जुना नंबर विचारत नाही, नवाच काढतो. मग वर्षांची नोकरी तुकड्यातुकड्यांत विखुरते आणि पैसे काढताना एकही तुकडा पुरा पडत नाही. आईच्या मोबाइल नंबरवर जुना यूएएन चालू करून पासबुक उघड. या ठेक्याची वर्गणी त्यात दिसते का ते बघ. दिसत नसेल तर नव्या ठेकेदाराच्या ऑफिसात जुना नंबर लेखी द्या, पोच घ्या, आणि पुढच्या महिन्याची पगाराची पावती आली की ती आणि पासबुक पुन्हा ताडून पाहा.